गावात माणसं कमी, सातबाऱ्यावर नावं जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत चौघे राहतो. गाव राजापूर तालुक्यात. महाराष्ट्र क्षेत्रफळात देशात तिसरा. पाणी, खनिजं, समुद्र सगळं आहे. लोकसंख्या वाढतेय म्हणतात, मग आमच्या वाडीत घरांना कुलपं कशी? राज्यात माणसांना जमीन कमी पडतेय की नाही? आणि कोकणात जागा रिकामी असेल तर मुंबई-ठाण्याची गर्दी इकडे का सरकत नाही?"

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी रत्नागिरी जिल्ह्यात गेली. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना पर्यवेक्षक होतो. म्हणजे माणसं मोजणं आणि जमिनीची नोंद ठेवणं, दोन्ही कामं माझ्या हातून झाली. तुमच्या प्रश्नात ही दोन्ही एकत्र आली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ भागाकार करू. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. २०११ला लोकसंख्या ११,२३,७४,३३३. माणशी साधारण २७ गुंठे जमीन आली (४० गुंठे म्हणजे एक एकर). राज्य झालं १९६०ला. त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत, १९६१ला, आपण होतो ३ कोटी ९५ लाख. तेव्हा माणशी ७७ गुंठे यायचे. पन्नास वर्षांत माणसं जवळजवळ तिप्पट झाली आणि जमीन होती तेवढीच राहिली, त्यामुळे वाटा तिसऱ्या हिश्शावर आला. एवढं ऐकलं की वाटतं, जमीन कमी पडतेय, झालं उत्तर. पण हे २७ गुंठे कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३ चौरस किलोमीटर, त्यात १ कोटी २४ लाख माणूस. तिथे माणशी अर्धा गुंठाही पडत नाही. रत्नागिरीत माणशी ५० गुंठे, सिंधुदुर्गात ६०. गडचिरोलीत तर सव्वातीन एकर, पण तो जिल्हा बहुतेक जंगल आहे. सरासरीवरून राज्य कळत नाही, आणि कोकण तर मुळीच कळत नाही.

कोकण विभागाचं पाहा. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, मुंबई धरून, ३०,७२८ चौरस किलोमीटर. राज्याच्या जमिनीचा बरोबर दहावा हिस्सा. त्यावर २०११ला राज्यातली चौथाई माणसं राहत होती, २ कोटी ८६ लाख. म्हणजे कागदावर कोकण हा महाराष्ट्रातला दाटीचा मुलूख आहे. पण त्याच विभागाच्या दक्षिणेकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत २००१ ते २०११ या दहा वर्षांत माणसं घटली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दोन्ही मिळून एक लाखाची घट. राज्य त्याच दहा वर्षांत १६ टक्क्यांनी वाढलं होतं. आणि अजून पालघर वेगळा न झालेला ठाणे जिल्हा? तो ३६ टक्क्यांनी. त्या एका जिल्ह्यात दहा वर्षांत जी माणसं वाढली ती २९ लाख. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून राहणारी सगळी माणसं साडेचोवीस लाख. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा वजाबाकी करून पाहिली होती.

घट झालेला तिसरा जिल्हा मुंबई शहर. तिथली घट वेगळ्या जातीची. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, भाडी परवडेनात. माणसं उपनगरात आणि ठाण्याकडे सरकली. त्यातली कितीतरी माणसं मूळची आपल्याकडचीच.

आता जमिनीकडे. माणशी ५० गुंठे म्हणजे रत्नागिरीकर सुखी, असं कुणी म्हटलं तर त्याला मे महिन्यात आमच्या सड्यावर उभं करावं. मैलोन्‌मैल जांभा कातळ. पायाखाली चटके. सातबाऱ्यावर ही जमीन 'पोटखराबा' म्हणून लागते, म्हणजे लागवडीस अयोग्य. (त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत आणि पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा येतो, तेव्हा 'खराबा' हा शब्द मला नोकरीत असतानाही बोचायचा. पण कागदावर तो शब्द आहे आणि तिथे भात पिकत नाही, हेही खरं.) सड्याच्या खाली उताराची वरकस जमीन: गवत, नाचणी, वरी, आणि १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली तेव्हापासून आंबा-काजूची कलमं. अगदी तळाशी, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, भाताचा मळा. माणसाला वर्षभर पोसणारी जमीन ती एवढीच चिंचोळी पट्टी. पूर्वेकडे सह्याद्रीचा कडा, पश्चिमेला समुद्र, मधली रुंदी बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटर. क्षेत्रफळ मोजताना कडा, सडा, खाडी, खाजण सगळं एकाच मापात येतं. पोट भरताना येत नाही.

मापाचीही एक गोष्ट सांगतो. देशाची किनारपट्टी आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडे नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर निघाली. किनारा वाढला नाही. खाड्या, वळणं, बेटं बारकाईनं मोजली, एवढंच. गावातल्या जमिनीचंही तसंच आहे. मोजणीदार जितका बारीक मोजेल तितका प्रत्येक वळणाला एक गडगा (दगडी बांध) आणि प्रत्येक गडग्याला एक हिस्सेदार सापडतो.

साधनसंपत्तीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. महाराष्ट्राच्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांत आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतात, कारण जांभा पाणी धरत नाही आणि नदी कड्यावरून निघून एका दिवसाच्या वाटेत समुद्र गाठते. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून खाडीला जातं. वीज राज्यभर जाते. रेडीला लोहखनिज आहे, कासार्ड्याला सिलिका वाळू, जागोजाग चिरेखाणी. पण खनिज काढायला गावची सगळी माणसं लागत नाहीत. खाण खणून झाली की खड्डा उरतो, त्यावर पुढची पिढी राहत नाही. संपत्ती जमिनीत असणं आणि त्या संपत्तीवर त्याच गावात संसार चालणं, यांत फार अंतर आहे. विदर्भात कोळसा आहे, मँगनीज आहे, गडचिरोलीत लोहखनिज आहे. माणसं मात्र पुणे-मुंबईच्या पट्ट्यात जमा होतात. माणूस रोजगाराच्या मागे जातो.

आमच्याकडचं जाणं तर दीडशे वर्षांचं जुनं. खोतीत, म्हणजे खोत गावचा सारा वसूल करायचा त्या पद्धतीत, कुळाच्या हाती पीक उरत नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं संप केला, आणि कायद्यानं खोती संपायला १९४९ उजाडलं. तोपर्यंत घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत गेलेला होता. मुंबईत तो कमवायचा, गावात बायको, आई, मुलं मनिऑर्डरची वाट पाहायची. त्याची खूण आजही आकड्यांत आहे: २०११ला राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, रत्नागिरीत १,१२२. हा आकडा मुलीच्या जन्माचं कौतुक म्हणून वाचू नये. तो गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. सिंधुदुर्गात तो २००१च्या १,०७९ वरून १,०३६ वर आला, आणि माझा अनुभव सांगतो की याचं एक कारण म्हणजे आता बायकामुलंही बरोबर जातात. आधी माणूस जायचा, आता बिऱ्हाड जातं. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, माणसं परत येतील. गणपतीला येणं सोपं झालं, हे खरं. राहायला कुणी आलं नाही.

आता जनगणनेची एक गोष्ट, जी आकडे वाचणाऱ्यांना सहसा माहीत नसते. गणना फेब्रुवारीत होते: ९ ते २८ फेब्रुवारी, आणि १ मार्चच्या मध्यरात्रीची स्थिती धरतात. चाकरमानी येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. फेब्रुवारीत गाव सगळ्यात रिकामं असतं.

२०१०च्या उन्हाळ्यात घरयादी झाली तेव्हा माझ्या गटातल्या एका वाडीत आम्ही दारांवर नंबर घातले. चौदा घरं. प्रत्येक खळ्यात पोरं, फणसाचे गरे सोलायला बसलेल्या बायका, पडवीत पत्ते. प्रगणक मास्तर म्हणाले, "भाऊ, ही वाडी भरलेली आहे." पुढच्या फेब्रुवारीत तीच वाडी: आठ घरांना कुलूप. आमचे नंबर दारांवर तसेच होते, त्याच्यावर कोळ्यांनी जाळी केलेली. एका घरात आजी एकटी. तिनं चारही मुलगे, सुना, नातवंडं सांगायला सुरुवात केली, मास्तर लिहू लागले, मी थांबवलं. नियम असा की जो तिथे राहतो त्याचीच तिथे नोंद, मुंबईतल्यांची मुंबईत. आजी म्हणाली, "अरे, घर त्येंचाच ना? मग लिव की." मी समजावलं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे या घरात मी एकटीच?" मास्तरांनी खाली मान घालून एक नाव लिहिलं. त्याच वाडीच्या वरच्या अंगाला आंब्याच्या बागेत पत्र्याच्या खोपटात नेपाळहून आलेलं राखणदार जोडपं होतं, लहान मूल घेऊन. त्यांची नोंद झाली, तीन माणसं. वाडीत त्या दिवशी सगळ्यात लहान तेच मूल होतं.

म्हणून रत्नागिरीची घट खोटी आहे असं म्हणू नका. दोन्ही गणना फेब्रुवारीतच झाल्या, त्यामुळे तुलना बरोबर आहे. २०२१ची गणना लांबली, आता १ मार्च २०२७ची स्थिती धरून होणार आहे, म्हणजे पुन्हा शिमग्याच्या आधीच. त्यात रत्नागिरीचा आकडा काय येतो याची मी वाट पाहतोय. एक मात्र सांगतो, 'लोकसंख्या वाढतेय' ही भीती आता जुनी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ला महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ आला. दोन माणसांच्या जागी दोन येण्याइतकाही तो नाही. राज्याची दशवार्षिक वाढ १९९१-२००१ला २२.७ टक्के होती, पुढच्या दहा वर्षांत १६ टक्के झाली.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती सातबाऱ्यावर आहे, आणि हेच मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे. गावातली माणसं घटली, पण जमिनीवरची नावं वाढतच गेली.

२००८ची गोष्ट. तिशीतला एक मुलगा माझ्याकडे आला. मुंबईत नोकरी, पण गावी घर बांधायचं, आईला आणायचं, पोल्ट्री काढायची असा सगळा विचार केलेला. जमीन कुठली, तर पणजोबांना कूळ कायद्यात मिळालेली, ३२ म चं प्रमाणपत्र (कूळ जमिनीचा मालक झाल्याचा दाखला) त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. क्षेत्र २२ गुंठे. मी सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात नावं सुरू झाली ती पुढच्या पानावर गेली. आम्ही दोघांनी बोट ठेवून मोजली: ४७. पणजोबांचे तीन मुलगे, त्यांची मुलं-मुली, त्यातल्या वारलेल्यांचे वारस. नऊ जण हयातच नव्हते, त्यांची वारसनोंद व्हायची राहिली होती. एक चुलता बडोद्याला. एकाचा पत्ता १९९४पासून कुणाकडे नाही. दोन आत्यांची नावं नंतर लागलेली. मुलींना हक्क मिळाला हे योग्यच झालं, उलट आधी ती नावं नव्हती तो अन्याय होता. पण एकाही हिश्शाची फोड झालेली नव्हती, सगळं सामाईक. बावीस गुंठे आणि सत्तेचाळीस नावं. माणशी अर्ध्या गुंठ्यापेक्षा किंचित कमी. मुंबईत माणशी जेवढी जमीन पडते, तेवढीच.

बँकेला स्वतंत्र सातबारा हवा. स्वतंत्र सातबाऱ्याला वाटप हवं. महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे वाटप होतं, खर्च फारसा नाही, पण सगळ्या खातेदारांची संमती लागते. एकानं नकार दिला की दिवाणी कोर्ट. मुलानं दोन वर्षं फिरून एकतीस जणांच्या सह्या आणल्या. कुणी आनंदानं दिल्या, कुणी म्हणालं 'बघू गणपतीत', कुणाला वाटलं हा सगळं लाटणार. शेवटी तो येऊन म्हणाला, "भाऊ, मी बदलापूरला खोली घेतली." मी त्याला काही बोलू शकलो नाही. २०११ला ठाण्यात वाढलेल्या २९ लाखांत तो आहे, त्याची बायको आहे. त्याचे बावीस गुंठे रत्नागिरीच्या माणशी ५० गुंठ्यांत मोजले जातात आणि त्यावर आज रान आहे.

म्हणूनच ठाण्याची गर्दी कोकणात सरकत नाही. जमीन दिसते रिकामी, पण ती मोकळी नाही. पिकत नाही, कारण पिकवणारा मुंबईत. मळे पड राहिले की झाडी वाढते, रानडुकरं आणि माकडं येतात, मग शेजाऱ्याचाही मळा पड पडतो. विकली जात नाही, कारण सह्या जमत नाहीत. आणि जी विकली जाते ती बहुतेक अडचणीत सापडलेल्या कुटुंबाची, एकगठ्ठा, बाहेरच्याला. मग तिच्याभोवती तारेचं कुंपण पडतं आणि आतलं घर वर्षातून आठ दिवस उघडतं. त्यानं गाव वसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जिथे वाटणी वेळेत झाली अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे एक तरी भाऊ मागे राहतो, कलमं राखतो, गणपतीत सगळ्यांना उतरायला उघडं घर असतं.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं यात आली. तिसरं, जमीन कमी पडतेय का. महाराष्ट्राला एकूण जमीन कमी पडत नाही. मुंबई-ठाण्याला पडते, आणि ती कोकणातली जमीन देऊन भरून निघणार नाही, कारण तिथे माणसं कामासाठी गेली आहेत, जमिनीसाठी नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा गावांत पक्कं काम आलं, दवाखाना आणि कॉलेज चांगलं झालं, तर आसपासच्या वाड्या उघड्या राहतील. रोज जाऊन-येऊन काम करता येईल एवढ्या अंतरावर माणूस गावात राहतो, हे मी पाहिलेलं आहे.

सरकार कधी काय करील ते करील. तुमच्या हातात आहे ते आता करा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून तुमच्या गावचा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढा. त्यावर हयात नसलेल्यांची नावं किती ते पाहा आणि आधी त्यांची वारसनोंद घाला. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी लागते. वाटपाचा अर्ज त्यानंतर. घरातली थोरली माणसं आहेत तोवर हे करा, कारण कुठला मळा कुणी कसला, कुठल्या आंब्याला कुणाचा वाटा, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं, ते त्यांनाच माहीत असतं. आत्यांना आधी विचारा, शेवटी नको. येत्या गणपतीला सगळे एका खळ्यात जमतील, तेव्हा ती यादी बरोबर न्या.